बोटभर निळा

फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाईकाशी हुज्जत घालत होते. बाईंना मुलाच्या खोलीला निळा रंग द्यायचा होता आणि मी त्यांना विचारत होते की निळा म्हणजे कुठला निळा. "निळा म्हणजे निळा हो, त्यात विचारायचं काय?" असं त्या म्हणाल्या. रंगाच्या दुकानात उभं राहून, तेही माझ्यासमोर, माणसाने असं बोलावं म्हणजे कमाल झाली. मी रंगाच्या पट्ट्यांचा पंखा त्यांच्यापुढे उघडला आणि एकेक निळा बोटाने दाखवायला लागले, हा राखाडीकडे जातो, हा हिरव्याकडे, हा दिव्याच्या उजेडात अगदीच मलूल दिसतो, आणि तेवढ्यात फोन. दादाचा. माझा थोरला भाऊ मला कामाच्या वेळी फोन करत नाही. खरं तर कुठल्याच वेळी करत नाही. "अम्मा गेली," तो म्हणाला. मग मी तोंड उघडायच्या आत पुढचं एका दमात उरकून टाकलं. "असरच्या नमाजानंतर दफन आहे, ऊन कलायच्या आत पोच. आणि हे बघ, ते बोटाचं खूळ आता काढू नकोस." फोन बंद. माझ्या हातातला पंखा मिटला होता आणि कुठल्या तरी निळ्यावर माझं बोट तसंच आत अडकून राहिलं होतं. बाई म्हणाल्या, "मग दाखवताय ना?" मी म्हटलं, "थांबा, घेऊन येते," आणि मागच्या दाराने बाहेर पडून सरळ बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. मालकांना सांगितलं ते बसमध्ये बसल्यावर.

रडू आलं नाही. राग आला. आई गेल्याची बातमी देताना माणूस त्याच वाक्यात अट घालतो, हे दादालाच जमावं. बोटाचं खूळ म्हणे. आम्ही रंगारी. मशिदीमागच्या एका गल्लीत मावतील एवढीच आमची घरं. नमाज, रोजे, जकात, सगळं इतरांसारखं, त्यात कुणी बोट दाखवू शकणार नाही. पण आमच्या वाडवडलांचं कपाळ जमिनीला टेकायला लागलं त्याच्याही कितीतरी आधीपासून त्यांचे हात निळीत होते, आणि कपाळ टेकलं म्हणून काही हात बाहेर निघाले नाहीत. आमच्यात कुणी गेलं की आंघोळ घालतात, पांढरं कफन घालतात, जनाज्याची नमाज होते, सगळं जगाच्या रीतीने. फक्त आंघोळ झाल्यावर आणि कफन मिटण्याआधी, घरातल्या मुलीने मेलेल्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट पहिल्या पेरापर्यंत निळीत बुडवायचं. नमाजात बसल्यावर अल्ला एक आहे याची साक्ष देताना जे बोट आपण उचलतो, तेच. कारण कयामतच्या दिवशी सगळे एकदम उठणार, झाडून सगळे, आणि त्या गर्दीत आपल्या माणसांनी आपल्याला ओळखायचं कसं? तर बोट वर करायचं. निळं बोट दिसलं की रंगारी तिकडे जमणार. हे कुठल्याही किताबात नाही. आहे असं आमच्यातलं कुणी कधी म्हटलंही नाही.

अब्बा गेले तेव्हा दादाने हे होऊ दिलं नव्हतं. त्याला नुकतीच मोठ्या गोदामात पर्यवेक्षकाची नोकरी लागली होती, तिथले सोबती आमच्या बोटांवरून त्याची टर उडवायचे, असले रंगीत मुसलमान आम्ही पाहिले नाहीत म्हणायचे. त्या दिवशी माझी बस घाटात बंद पडली. मुलगीच पोचली नाही तर बोट कोण बुडवणार, असं म्हणून दादाने जनाजा उचलायला लावला. अम्मा दारात निळीचा माठ कडेवर घेऊन उभी होती, आणि तिच्या समोरून अब्बा तसेच गेले, कोऱ्या बोटाने. मी पोचले तेव्हाही ती उभीच होती. माठ मी तिच्या हातातून काढून घेतला. त्यावर ती दादाला एका शब्दाने बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पुढे धंदा बसला, कारखान्याच्या रंगापुढे आमच्या निळीला कोण विचारतो, अंगणातले हौद बुजवले, त्यावर दादाने मोटरसायकल लावायला फरशी टाकली. अम्माने फक्त तो एक माठ न्हाणीघरात बंबाच्या उबेला नेऊन ठेवला आणि जिवंत ठेवला. नीळ जिवंत असते. तिला गूळ लागतो, कोंडा लागतो, ऊब लागते, आणि तिचा वास असा येतो की नाकातले केस जळावेत. दादा घरात शिरला की म्हणायचा, गटार तुंबलंय वाटतं, कुणाला तरी बोलावलं पाहिजे. सगळ्यांना ठाऊक होतं कसलं गटार ते. कुणी कधी कुणाला बोलावलं नाही.

मागच्या वेळी मी गेले होते तेव्हा अम्मा खाटेवर होती, हात पांघरुणावर ठेवून. ते हात मला ओळखूच आले नाहीत. माझ्या लहानपणी ते कोपरापर्यंत निळे असायचे, नखं तर जवळजवळ काळी, शाळेत मला सोडायला आली की मी तिचा हात पदराखाली ढकलायचे. आता ते धुतल्यासारखे गोरे झाले होते. "परक्या बाईचे हात लावलेत गं मला कुणीतरी," ती म्हणाली. आणि मग, अगदी भाजीत मीठ टाकलंस का विचारावं इतक्या साध्या आवाजात, "तुझा बाप तसाच गेला. मी तशी जाणार नाही. तो तिकडे हुडकत बसेल. निदान एकाचं तरी बोट निळं पाहिजे ना." मी हो म्हटलं. माणूस आजाऱ्याला म्हणतो तसं पटकन नव्हे. नीट विचार करून हो म्हटलं होतं.

घर माणसांनी भरलं होतं. अंगणात पुरुष खुर्च्या टाकून बसले होते, आतल्या खोलीत अम्माची आंघोळ आटोपली होती, कापूर आणि साबणाचा ओला वास येत होता. आंघोळ घातली होती आत्याने. ही अब्बांची बहीण, सगळी गल्ली तिला खारीक आत्या म्हणते, सुकलेली, सुरकुतलेली, आणि दाताखाली आली तर दात पाडेल अशी. तिने कफनाची वरची चादर अजून मिटली नव्हती. अम्माचा उजवा हात बाहेर ठेवला होता. मी आत आले तशी तिने माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "आलीस. बरं झालं. या वेळी गाडी चालली तुझी." मी अम्माच्या कपाळाला हात लावला. गार. इतकं गार काही असू शकतं हे मला माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. मी हात काढून घेतला आणि विचारलं, "माठ कुठंय?"

माठ न्हाणीघरातच होता, आणि त्याच्यापाशी दादाची बायको, माझी वहिनी, बाह्या वर करून, घामाने निथळत, रवी फिरवत बसली होती. वहिनी बाहेरची, तिच्या माहेरी कुणी कधी रुमालसुद्धा रंगवला नव्हता. पण अम्मा खाटेला खिळल्यापासून माठाला रोज गूळ तिनेच घातला, हे मला नंतर कळलं. दादाला न सांगता. "सकाळपासून घुसळतेय," ती म्हणाली, डोळे सुजलेले, "बघा ना ताई, आधी कसं पिवळट, आजारी पाणी दिसत होतं, आता किती निळंभोर झालंय. चालेल ना?" नीळ जिवंत असते तेव्हा आतलं पाणी पिवळं-हिरवंच असतं, आणि वर तांब्यासारखी साय धरते. निळंभोर झालं म्हणजे हवेने मारली. जितकी निळी तितकी मेलेली. असल्या माठात बोट बुडवलं तर निळं निघेल खरं, पण गडूभर पाण्याने धुऊन जाईल, कयामतपर्यंत काय टिकणार? एवढ्या मायेने केलेला सत्यानाश मी आयुष्यात पाहिला नव्हता. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, वहिनीच्या हातातली रवी खाली पडली. मी तिला रागावणार होते. शब्द ओठावर आले होते. पण तिच्या हातांकडे बघितलं तर दोन्ही हात मनगटापर्यंत निळे, आणि तिने ते पदराखाली लपवले. मग मी पडलेली रवी उचलून बाजूला ठेवली.

आत्या आली, माठात डोकावली, एक चमचा भरून उजेडात धरला, आणि म्हणाली, "मेली नाही. मूर्च्छा आलीय. मोठ्या पातेल्यात गरम पाणी काढ, त्यात माठ ठेव. गूळ घाल, मूठभर चुना घाल. झाकण लाव, वरून गोधडी घाल. आणि आता कुणी हात लावायचा नाही. बसायचं." वहिनी गोधडी घेऊन आली ती अम्माचीच होती. दारात दादा उभा. त्याने गोधडी बघितली, पातेलं बघितलं, मला बघितलं. "तुला सांगितलं होतं मी," तो म्हणाला. "बाहेर लोक बसलेत. इमामसाहेब बसलेत. काय म्हणतील ते?" मी म्हटलं, "त्यांनाच विचारते की," आणि पदर डोक्यावर घेऊन अंगणात गेले. दादाला वाटलं नव्हतं मी खरंच जाईन.

इमामसाहेब तरुण होते, दाढी अजून नीट भरली नव्हती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "रंगाचा थर बसतो का?" त्यांनी विचारलं. "पाणी कातडीपर्यंत पोचतं का?" मी म्हटलं, थर नाही, रंग आत मुरतो, आणि आंघोळ तर झाली आहे. "मग आंघोळीला बाध नाही," ते म्हणाले. "पण हे करा असं मी सांगणार नाही. मी शिकलो त्यात हे नाही." "करू नका असं सांगाल?" त्यांनी चपला पायात सरकवल्या. मग उठले. "मला अजानची तयारी करायची आहे. मी मशिदीत आहे. मशिदीतून मला इथलं काही दिसत नाही." गेले सुद्धा. दादा मागे उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "अजान होईपर्यंत. नंतर एक क्षण नाही." ठीक आहे, मी म्हटलं. अजान होईपर्यंत.

मग मी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसले आणि गोधडीसकट माठाला मिठी मारली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. पलीकडच्या खोलीत बायका कुराणातली यासीन वाचत होत्या, एकीचा आवाज पुढे जायचा, बाकीच्या तिला गाठायच्या. माठ कोमट होता, मग उबदार. अम्मा पलीकडे गार पडली होती आणि इकडे तिची गोधडी माझ्या छातीशी उबदार होत होती, तिच्याच अंगाचा वास, गूळ, चुना, आणि ते जुनं गटार. माझा विश्वास होता का? रंगाच्या दुकानात यंत्र आहे, कापडाचा तुकडा धरला की आतले आकडे सांगतं, मी त्या यंत्रावर विश्वास ठेवणारी बाई. कयामतला कुणाला बोट दिसणार, कुणाचे डोळे, कुठला उजेड? आणि समजा नसेलच काही, तर मी इथे एका मडक्याला कवटाळून कुणासाठी बसले आहे, अम्मासाठी की दादाला हरवण्यासाठी? हा विचार आला आणि गेला नाही, तिथेच ठाण मांडून बसला. मी त्याला बसू दिलं. हरवायचंही होतं मला दादाला, खोटं कशाला बोलू. पण मग मला बाजार आठवला.

आम्ही कपडे विकायला मोठ्या बाजाराला जायचो. अब्बा बुटके, आणि नजर अशी कमजोर की चार हातांवरचा माणूस म्हणजे नुसता डाग. ते दर वेळी हरवायचे. पान घेऊन येतो म्हणून जायचे आणि भलत्याच रांगेत शिरून भलत्याच बाईच्या दुकानापुढे उभे राहायचे. अम्मा वैतागायची, बडबडायची, आणि मग गाठोड्यावर चढून उभी राहायची, आणि दोन्ही हात वर करायची. कोपरापर्यंत निळे हात, त्या सगळ्या डोक्यांच्या वर. हाक मारायची नाही. बाजाराच्या गोंगाटात हाक कुणाला ऐकू येणार? नुसते हात. मी तिच्या पायाशी उभी राहून बघायचे, गर्दीत कुठेतरी एक टोपी थबकायची, वळायची, आणि लोकांना धक्के देत, माफी मागत, सरळ आमच्या दिशेने यायला लागायची. त्यांना तोंड दिसत नसायचं, माणूस दिसत नसायचा. निळा दिसायचा. आले की अम्मा म्हणायची, "एवढं मोठं डोकं दिलंय अल्लाने, त्यात रस्ता मावत नाही," आणि अब्बा पान पुढे करायचे. म्हणजे हे किताबात नसेल, पण हे मी पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांनी, कितीतरी बाजार. तो माणूस तिला असाच सापडायचा. अशा माणसाला त्या दिवशीच्या गर्दीत कोऱ्या बोटांमध्ये सोडायचं? छे. मला कयामतबद्दल काही माहीत नाही, पण अब्बांच्या नजरेबद्दल माहीत आहे. मी माठ आणखी घट्ट धरला. विचार उठून गेला होता.

अजान झाली. अंगणात खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. दादा दारात येऊन उभा राहिला. "झालं," तो म्हणाला, "वेळ झाली." आत्याने मला डोळ्यांनी खुणावलं. मी गोधडी काढली, झाकण उचललं. वास असा भपकन आला की वहिनीने पदर नाकाला लावला, आणि माझ्या मात्र डोळ्यांत पाणीच आलं, कारण तो बरोबर वास होता. वर साय धरली होती. पातळ, तांब्याच्या रंगाची, कडेला फाटलेली. मी माठ कडेवर घेतला आणि दादाच्या अंगावरून आतल्या खोलीत गेले. तो बाजूला झाला. वाट दिली असं म्हणवत नाही, पण बाजूला झाला.

आत्याने कलमा म्हणायला सुरुवात केली. बायकांचं वाचन थांबलं. मी अम्माचा हात हातात घेतला, ते बोट सरळ केलं, साय हळूच बाजूला सारली आणि बोट आत बुडवलं, माझ्या बोटांसकट. आत ऊब होती. आयुष्यभर अम्माचा हात जिथे होता तिथेच तो पुन्हा गेला होता, आणि मला वाटलं की तो आत गेल्यावर थोडा सैल पडला. कदाचित माझाच हात सैल पडला असेल. कलमा संपला तशी मी बोट बाहेर काढलं. "अगं बाई, हिरवं आलं," वहिनी म्हणाली, आणि हुंदका देऊन भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझ्यामुळे. माझ्यामुळे नासलं."

"गप," दादा म्हणाला.

तो कधी आत आला होता मला कळलं नाही. अम्माच्या पायाशी उभा होता, मान पुढे काढून, आणि त्याचं तोंड लहानपणी हौदावर ओणवा होऊन बघायचा तसं झालं होतं. "गप," तो पुन्हा म्हणाला, पण हळू. "जिवंत आहे. बघ आता." नीळ जिवंत असली की हिरवीच निघते. हवा लागली की वळते. ते बोट कच्च्या कैरीसारखं हिरवं होतं, आणि मग नखाच्या कडेला एक काळसर रेघ उमटली, रेघ पसरली, हिरव्याचा पारवा झाला, पारव्याचा निळा, आणि निळा थांबेना, गडद होत गेला, तिच्या त्या परक्या गोऱ्या हातावर तिचं स्वतःचं एक बोट परत आलं. मेलेल्या बाईच्या अंगावर काहीतरी घडत होतं आणि ते आम्ही सगळे बघत होतो. आत्याने गडूभर पाणी घातलं. पाणी स्वच्छ खाली गेलं. रंग हलला नाही.

दादा खाली बसला. गुडघ्यांवर हात ठेवून, मोठ्या पर्यवेक्षकाच्या इस्त्रीच्या पँटमध्ये, ओल्या फरशीवर. "लांबून दिसेल?" त्याने विचारलं. मला नव्हे, आत्याला. "त्यांना अगदीच कमी दिसायचं. तेवढ्या एका बोटाने दिसेल त्यांना?" आत्या कफनाची चादर मिटत होती. "माझ्या भावाला दुसरं काही दिसायचंच नाही रे," ती म्हणाली. "उठ. तोंड धू. आईला खांदा दे." तेव्हा तो रडला. अब्बा गेल्यावर रडला नव्हता, ते राहिलेलं होतं, तेही आजच निघालं. वहिनीने त्याला उठवलं. तिचे निळे हात त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर टेकले, आणि त्याने ते झटकले नाहीत.

जनाजा गेला. मी दारात उभी राहिले, अम्मा उभी होती त्याच उंबऱ्यावर. पण माझ्या कडेवर माठ नव्हता. मला वाटलं होतं की आता खूप रिकामं वाटेल. तसं काही झालं नाही. गल्लीच्या टोकाला खांदे बदलताना जनाजा जरा वर उचलला गेला, सगळ्या टोप्यांच्या वर, आणि मला हसू फुटलं. गाठोड्यावर चढली बाई. मय्यतीच्या घरात दारात उभं राहून मी हसले, आणि शेजारी उभ्या खारीक आत्याने मला दटावलं नाही. "हस," ती म्हणाली. "जिंकलीय ती."

दादा परत आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना माती होती. कबरीत तोच उतरला होता. सगळ्यांसमोर, कुणी विचारलेलं नसताना, तो मला म्हणाला, "आत गेल्यावर कफनाच्या गाठी सोडल्या. कापडावरूनच हात चाचपला. बोट खाली दबलं होतं. सरळ केलं. वर राहील असं ठेवलं." मी विचारलं, इमामसाहेब काही बोलले? "ते आभाळाकडे बघत होते," दादा म्हणाला. मग तो न्हाणीघरात गेला आणि त्याच्या मागोमाग वहिनी, आणि आम्हाला ऐकू आलं की तो तिला विचारतोय, याला गूळ किती घालायचा, आणि किती वेळाने.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दुकानाचे मालक. आवाज जेवढा मऊ करता येईल तेवढा केला होता त्यांनी. म्हणाले, "तुझ्या दुःखात त्रास देतोय, पण त्या सकाळच्या बाई परत आल्यात, हटूनच बसल्यात. तू काहीतरी घेऊन येते म्हणाली होतीस म्हणे. कुठला निळा सांगू त्यांना?" मी माझा उजवा हात उजेडात धरला. अंगठा, आणि दोन बोटं, पेरापर्यंत. धुतली होती चांगली साबणाने. जशीच्या तशी होती, उलट आणखी गडद झाली होती. "त्यांना म्हणावं थांबा," मी म्हटलं. "तो तुमच्या पट्ट्यांत नाही. घरचं आटोपलं की मी घेऊन येतेय."